पारख हे ढोंग नव्हे

वाईनची चव पाहून तिच्या गुणदोषांचा निवाडा करणारे लोक स्वतःस आणि इतरांस फसवीत असतात. लाल वाईन जुनी झाल्याने चांगली होते ही परदेशातून उसनी आणलेली समजूत आहे. आणि ती समजूत खरी मानली तरी आमच्या नाशिकच्या शिराझला ती लागू पडत नाही, कारण ती वर्षा-दोन वर्षांत संपवून टाकण्याच्याच लायकीची असते, असा त्रिविध अभिप्राय पनवेलसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरातील सुशिक्षित मंडळींच्या तोंडून हल्ली वारंवार ऐकू येतो. हा अभिप्राय देणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांचे वाचन आहे, त्यांनी चार देश पाहिलेले आहेत, आणि दिखाऊपणाचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याची नुसती अवहेलना न करता त्यातील एकेक कलम घेऊन त्याची रुजवात करणे अगत्याचे आहे. माझे म्हणणे असे की, परिपक्व शिराझची पारख ही शिकता येणारी, पडताळून पाहता येणारी आणि चुकल्यास चूक दाखवून देता येणारी विद्या आहे, व तिचे नियम न पाळता दिलेला निकाल, मग तो स्तुतीचा असो वा निंदेचा, ग्राह्य धरता येत नाही.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट पुरावा प्रथम घेऊ. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बोर्दो येथे वाईनशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढे एक पांढरी वाईन, आणि गंधहीन लाल रंग मिसळलेली तीच पांढरी वाईन ठेवण्यात आली; तेव्हा रंगवलेल्या पेल्याचे वर्णन करताना त्यांनी लाल वाईनला साजणारे शब्द वापरले. पुढे २००८ साली रॉबर्ट हॉजसन या अमेरिकन वाईन-उत्पादकाने कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रदर्शनातील परीक्षकांविषयीचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच बाटलीतली वाईन परीक्षकांना नकळत तीन वेळा देण्यात आली होती, आणि तिला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत बसतील असे गुण देणारे परीक्षक सुमारे १० टक्केच निघाले. हे दोन्ही दाखले खरे आहेत आणि ते मला संपूर्ण मान्य आहेत. परंतु त्यांतून निष्पन्न काय होते, हे शांतपणे पाहिले पाहिजे. पहिल्या प्रयोगातून सिद्ध होते ते एवढेच की, डोळ्याने आधी निकाल दिला म्हणजे नाक त्याची री ओढते. आणि त्यावरील उपाय पारखीच्या शिस्तीत आधीच सांगितलेला आहे, तो असा की बाटली झाकावी, नाव आणि किंमत लपवावी, आणि शंका असेल तेथे काळा पेला वापरून रंगही लपवावा. दुसऱ्या अभ्यासातून सिद्ध होते ते हे की, एका बैठकीत ओळीने कित्येक वाईन चाखून त्यांना गुणांक वाटण्याचा प्रदर्शनी शिरस्ता भरवशाचा नाही. एखादी वाईन नासलेली आहे की शाबूत आहे, तारुण्यात आहे की उतारास लागली आहे, हे माणसास ओळखता येते की नाही, हा प्रश्न त्या दोन्ही ठिकाणी विचारलेलाच नव्हता. शिवाय हे दोन्ही शोध वाईनच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांनीच लावले, ही गोष्ट आक्षेपक सोयीस्करपणे विसरतात. जी विद्या आपल्याच परीक्षकांच्या चुका मोजून त्या जाहीर करते, तिला ढोंग म्हणणे न्यायाचे नाही.

दुसरे असे की, शिराझच्या बाबतीत पारखीला द्रव्याचा भक्कम आधार आहे. चांगल्या शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो असे जाणकार पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, आणि टीकाकार त्यास काव्य समजत आले. २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तो वास देणारे द्रव्य शिराझच्या द्राक्षांतून व वाईनमधून वेगळे काढून दाखवले. त्याचे नाव रोटंडोन. तेच द्रव्य काळ्या मिऱ्यात आहे, आणि ते मुळात मिळाले होते नागरमोथ्याच्या कंदातून, म्हणजे दिवाळीच्या पहाटे उटण्यात जो मोथा आपण अंगास लावतो त्यातून. त्या नागरमोथ्याच्या तेलातील द्रव्यांचा छडा लावण्याचे मोठे काम १९६० च्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले होते, ही गोष्ट मराठी वाचकास अभिमानाची वाटावी. तेव्हा मिऱ्याचा वास हा कोणा परदेशी समीक्षकाच्या मनाचा खेळ नसून, ज्याची ओळख आपल्या घरातच होऊ शकते असा एक रेणू आहे. त्याच संशोधनात असेही आढळले की, सुमारे २० टक्के माणसांना हा वास अजिबात येत नाही. पनवेलच्या एखाद्या बैठकीत दहांपैकी दोघे जण ‘मला तर काही मिरेबिरे लागत नाही’ असे म्हणाले, तर ते खोटे बोलत नाहीत आणि उरलेले आठ जणही ढोंग करीत नाहीत. दोन्ही बाजूंची साक्ष खरी असते. आपल्या नाकाची मर्यादा प्रथम ओळखावी आणि मगच दुसऱ्याच्या नाकावर निकाल द्यावा, हा पारखीचा पहिला नियम येथेच सिद्ध होतो.

आता परिपक्वतेकडे वळू. शिराझ, जिला फ्रान्सात सिराह म्हणतात, ती मूळची फ्रान्सच्या रोन खोऱ्यातील. इराणातील शिराझ शहराशी तिचे नाते जोडणारी दंतकथा रक्तपरीक्षेइतक्या काटेकोर अशा जनुकीय तपासणीने निकालात निघाली, आणि द्युरेझा व मोंद्यूझ ब्लांश या दोन फ्रेंच वाणांच्या संकरातून ती जन्मली हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस निश्चित झाले. या वाणाच्या सालीत रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये विपुल असतात. तरुणपणी तिचा रंग जांभळट-काळा, वास जांभूळ-करवंदांसारख्या काळ्या फळांचा व मिऱ्याचा, आणि तुरटपणा हिरड्या आवळणारा असतो. बंद बाटलीत वर्षे लोटतात तसतशी ही रंगद्रव्ये व तुरट द्रव्ये परस्परांत गुंतून मोठे रेणू बनतात, त्यांतील काही जड होऊन साक्याच्या रूपाने तळास बसतात, जांभळा रंग माणकासारखा व पुढे कडेने विटकरी होतो, तुरटपणा निवळतो, ताज्या फळाचा वास मागे सरून त्याची जागा चामडे, तंबाखू, पावसाळ्यातला पालापाचोळा आणि खारवलेल्या काळ्या ऑलिव्हसारख्या वासांनी घेतली जाते. या शेवटच्या वासामागेही डायमिथिल सल्फाइड नावाचे द्रव्य आहे, आणि शिराझ बाटलीत मुरते तसे त्याचे प्रमाण वाढते. या सर्व काळात आंबटपणा मात्र बहुतांशी जसाच्या तसा राहतो, आणि म्हणून म्हाताऱ्या वाईनचा कणा कशावर उभा आहे असे कोणी विचारले तर उत्तर आंबटपणा हेच होय.

परंतु येथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो, आणि प्रतिपक्षाच्या पुष्कळशा कडवटपणाचे मूळ या घोटाळ्यात आहे. विटकरी कड, मवाळ तुरटपणा आणि विरलेले फळ ही तिन्ही लक्षणे वयाने येतात तशीच उष्णतेनेही येतात. उष्णता दर १० अंशांनी वाढली की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. आणि जी वाईन १२ ते १४ अंशांत सावकाश मुरावी अशी अपेक्षा असते, ती एप्रिल-मे महिन्यांत पारा ३५ अंशांच्या पुढे सहज जाणाऱ्या आणि रात्रीही न निवणाऱ्या पनवेलात, पश्चिमेच्या उन्हाने तापणाऱ्या भिंतीजवळच्या कपाटात उभी ठेवली, तर एका उन्हाळ्यात तिचे जे होते त्यास मुरणे म्हणता येत नाही. ते शिजणे होय. अशी वाईन दिसते म्हातारी, आणि असते केवळ जर्जर. परिपक्वता आणि जर्जरता यांतील हा भेद ओळखणे, हेच परिपक्व शिराझच्या पारखीचे मर्म आहे. ज्यास तो भेद कळत नाही त्याने जुन्या वाईनची स्तुती केली तरी ती निरर्थक आणि निंदा केली तरीही निरर्थक.

हा भेद ओळखायचा कसा, ते सांगतो, म्हणजे ही विद्या हवेतली नाही हे वाचकाच्या ध्यानात येईल. बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवावी, म्हणजे साका तळास बसेल. पनवेलच्या घरातील हवेचे तापमान हे ‘खोलीचे तापमान’ नव्हे. ज्या थंड दगडी खोल्यांवरून तो शब्दप्रयोग रूढ झाला त्यांत १८ अंशांपलीकडे ऊब नसे, तेव्हा बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणावी, नाहीतर मद्यार्काची झळ इतर सर्व वासांवर मात करील. बुच काढताना ते बाटलीच्या तोंडावर किंचित वर सरकलेले किंवा कडेने वाईन पाझरून चिकट झालेले असेल, तर उष्णतेचा पहिला पुरावा तेथेच हाती आला. पेला एकतृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. खऱ्या परिपक्व शिराझमध्ये कड विटकरी असली तरी मधोमध लालीचा जिवंत गाभा शिल्लक असतो आणि त्यातून प्रकाश स्वच्छ आरपार जातो. शिजलेल्या वाईनमध्ये तपकिरी छटा मध्यापर्यंत पोचलेली आणि चमक विझलेली दिसते. मग पेला न हलवता एकदा आणि हलवून एकदा वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर दोष बुचातील ट्रायक्लोरोॲनिसोलचा, नखरंगासारखा झोंबरा वास आला तर वाईन आंबण्याच्या मार्गावर, आणि तबेल्याचा वा औषधी पट्टीचा वास इतर सर्व वासांना दडपून टाकीत असेल तर ब्रेटानोमायसिस या यीस्टचा प्रादुर्भाव झाला असे समजावे. या शेवटच्या वासाला परिपक्वतेचे चामडे समजून डोलणारे जाणकारही मी पाहिलेले आहेत. शेवटी घोट. तो तोंडात घोळवून गिळल्यावर चव किती वेळ टिकते आणि टिकताना ती बदलते की नुसती विरते, याकडे लक्ष द्यावे. परिपक्व शिराझ मऊ लागते पण पोकळ लागत नाही. तिच्यात सुकलेल्या फळाच्या मागे आंबटपणाची रेषा उभी असते, आणि गिळल्यानंतर मिऱ्याची वा मांसल खारटपणाची आठवण बराच वेळ रेंगाळते. शिजलेली वाईन सुरुवातीस गोडसर, मध्ये सपाट आणि शेवटी अकस्मात संपलेली अशी लागते.

नाशिक जिल्ह्यातील एकाच उत्पादकाच्या, एकाच सालच्या, लाकडी पिंपात मुरवलेल्या शिराझच्या दोन बाटल्यांवर ही परीक्षा मी पनवेलातच करून पाहिली आहे. एक बाटली थंड कपाटात आडवी होती. दुसरी काही उन्हाळे माळ्यावर राहिली होती. दोन्ही बाटल्या झाकून त्यांचे घोट वाईनशी फारसा परिचय नसलेल्या मित्रांपुढे ठेवले, आणि या दोन निरनिराळ्या वाईन आहेत असे त्यांनी एकमुखाने सांगितले. माळ्यावरची वाईन ‘उकळलेल्या सरबतासारखी’ लागते हा शेरा त्यांचाच. दोन बाटल्यांवरून सिद्धान्त उभा राहत नाही हे मी जाणतो. परंतु ज्यांनी केवळ माळ्यावरचीच बाटली चाखून नाशिकच्या द्राक्षाविरुद्ध हुकूमनामा काढला, त्यांचा आधार तर याहूनही लंगडा आहे.

यावरून तिसरे कलम येते: आपल्या मातीतील शिराझला दीर्घायुष्य नाही. यात सत्याचा अंश आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षे काढतात. म्हणजे युरोपात फळ उन्हाळ्यातून थंडीकडे जाताना पिकते तर येथे ते थंडीतून उन्हाळ्याकडे जाताना पिकते, आणि शेवटच्या आठवड्यांतील ऊन साखर वाढवीत असतानाच आंबटपणा खाली ओढते. आंबटपणा हाच वाईनचा कणा असल्यामुळे, तोडणी लांबली की आयुष्य घटले, हे उघड आहे. त्यातच, खाण्याच्या द्राक्षांत टनावारी उत्पन्न काढण्याची जी सवय आपल्या बागायतदारांस दोन-तीन पिढ्या लागली, ती वाईनच्या द्राक्षांस मारक ठरते. परंतु ही सारी कारणे पद्धतीची आहेत, आणि पद्धत सुधारता येते. नारायणगावला इंडेजने वाईनचा उद्योग १९८० च्या दशकात उभा केला, नाशिकजवळ सुलाचा आरंभ १९९० च्या दशकाच्या अखेरीस झाला, राज्य सरकारचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चे, आणि ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले २०१० साली. रोन खोऱ्यातील एर्मिताझच्या टेकडीला जे कळायला शतके लागली, ते इतक्या अल्प मुदतीत आम्हास साधले नाही म्हणून आमच्या जमिनीस कायमचे अपात्र ठरवणे, हा अन्यायाचा फैसला आहे.

अशा उतावळ्या फैसल्याचे काय होते, याचा दाखला शिराझच्याच इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातील पेनफोल्ड्स या कंपनीचे वाईनतज्ज्ञ मॅक्स शुबर्ट यांनी बोर्दोचा दौरा करून परतल्यावर १९५१ साली दीर्घकाळ मुरेल अशी शिराझ बनवण्याचा प्रयोग आरंभला, आणि तिला ग्रेंज असे नाव दिले. ती तरुण असताना चाखणाऱ्यांनी तिची इतकी हेटाळणी केली की १९५७ साली कंपनीच्या चालकांनी उत्पादन बंद करण्याचा हुकूम दिला. शुबर्ट यांनी पुढील तीन हंगाम ती लपूनछपून बनवली. तोवर आरंभीच्या बाटल्या मुरल्या होत्या. त्या पुन्हा चाखल्यावर चालकांचे मत पालटले आणि १९६० साली बंदी उठली. १९५५ सालच्या ग्रेंजने १९६२ च्या सिडनीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवले. ज्या देशाच्या उन्हास युरोपीय जाणकार नावे ठेवीत होते त्याच उन्हात हे घडले. नाशिकची प्रत्येक शिराझ ग्रेंज होईल असा दावा मी करीत नाही; बहुतेक बाटल्या तरुणपणीच पिण्यासाठी केलेल्या असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. परंतु ज्या मोजक्या बाटल्या पिंपात मुरवून, निवडक बागांतून, टिकण्याच्या हेतूने भरल्या जातात, त्यांना टिकण्याची संधी न देताच त्या टिकत नाहीत असे म्हणणे हा युक्तिवाद नव्हे.

राहता राहिला शौकाचा आणि दिखाऊपणाचा आरोप. आपल्याकडे मद्याच्या प्रश्नास नैतिक बाजू आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने लावलेली परवान्याची अट आजही कागदोपत्री जिवंत आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यावर किती वादंग माजले हे सर्वांस स्मरत असेल. जो पीत नाही त्याच्याशी माझा वाद नाही. त्याचा निर्धार आदरणीय आहे. वाद आहे तो पिणाऱ्याशी, जो पितो पण पारखणे हे श्रीमंतांचे चोचले मानतो. अशा माणसास मी विचारतो की, आंब्याच्या अढीतून देठाचा वास घेऊन, बोटाने खांद्यापाशी दाबून, हा उद्या खाण्याजोगा होईल आणि हा आतून साक्या निघेल असे सांगणाऱ्या आमच्या रायगडातील आजीबाईस कोणी ढोंगी म्हणतो काय? तिची पारख बरोबर की चूक हे दुसऱ्या दिवशी आंबा कापल्यावर कळते, आणि म्हणूनच ती विद्या ठरते. वाईनची पारखही त्याच कसोटीला उतरली पाहिजे, आणि उतरते. उलट, जो किंमत पाहून वाखाणतो किंवा किंमत पाहूनच नाके मुरडतो, तो दोन्ही वेळा पारखीवाचूनच बोलत असतो. पारखणारा मनुष्य कमी पितो, सावकाश पितो, आणि नासलेल्या बाटलीस पैसे मोजून वर तिची भलामण करण्याची नामुष्की त्याच्यावर येत नाही.

तेव्हा तिघांकडे माझे मागणे आहे. उत्पादकांनी आपल्या उत्तम शिराझच्या काही पेट्या दरसाल मागे ठेवून दहा-दहा वर्षांनी त्या लोकांसमोर, नावे झाकून, उघडाव्यात. दप्तरी असा पुरावा असल्याखेरीज या वादाचा शेवट होणार नाही. कसारा घाट उतरून कोकणात येणाऱ्या मालाची वाहतूक करणाऱ्यांनी आणि पनवेलच्या दुकानदारांनी ट्रकच्या तापलेल्या हौद्यात आणि काचेआडच्या उन्हात बाटल्या तिष्ठत ठेवण्याची वहिवाट सोडावी, कारण आज नाशिकच्या शिराझची जी बदनामी होते तिची पुष्कळशी जबाबदारी शेतावर नसून या शेवटच्या टप्प्यावर आहे. आणि वाचकांनी, जे पितात त्यांनी, एवढेच करावे: पुढची जुनी शिराझ उघडताना ती कोठे आणि कशी राहिली होती हे विचारावे, बाटली झाकावी, पेला कागदावर तिरपा धरावा, वास घ्यावा, आणि घोट गिळल्यानंतर काही क्षण गप्प राहून मगच मत द्यावे. ते मत माझ्याविरुद्ध गेले तरी मी ते मानीन. चौकशीवाचून दिलेले मत, मग ते माझ्या बाजूचे का असेना, मी मानणार नाही.